सतराव्या मेणबत्तीची तपासणी

भेंडवले नगरपंचायतीने घरगुती मेणबत्त्यांच्या तपासणीसाठी नोकरीवर ठेवलेली ज्योत बत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर एकतीस मे रोजी निवृत्त होणार होती.

तिचा हुद्दा 'तपासनीस (मेण व वात), वर्ग तीन' असा होता, पण गावात तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडमना राहायला कार्यालयाकडून एक पितळी कंदील मिळाला होता, आणि तो उचलून नेण्यासाठी बाबाजी निवाते नावाचा शिपाई. वर्षाच्या किरकोळ रजांपैकी त्या दोन किंवा तीनच घेत, त्याही वारं सुटेल त्या दिवशी. बाबाजीला शिंक आली की तो आधी कंदील खाली ठेवी, दहा पावलं लांब जाई, शिंके आणि परत येई. एकदा तालुक्याला मीटिंगला जाताना वडापच्या जीपवाल्याने मॅडमना माणसांत न धरता सामानात धरलं. परतीच्या वाटेवर त्या अगदी बारीक होऊन बसल्या होत्या, असं बाबाजी सांगे.

भेंडवल्यात वीज रोज संध्याकाळी जाते, त्यामुळे मेणबत्ती ही तिथे चैनीची वस्तू नाही. पण घरी केलेली मेणबत्ती प्रमाणपत्राशिवाय घरात लावता येत नाही, असा नियम आहे. ज्याला प्रमाणपत्र हवं त्याने अर्ज करायचा. तपासणीच्या दिवशी दुपारी मेणबत्ती स्वतः दोन तास जाळायची, मेण कडेपर्यंत वितळलं याची खात्री करायची, मग ती मालवून थंड करून ठेवायची. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांच्या आत मॅडम येत, कंदिलातून त्या मेणबत्तीच्या वातीवर उतरत आणि पाऊण तास स्वतः जळून पाहत. ज्योत सरळ राहिली, मेण ओघळलं नाही आणि वर धरलेल्या पांढऱ्या बशीला काजळी लागली नाही, तर मेणबत्ती पास. बत्तीस वर्षांत मॅडमनी अकराशे चार मेणबत्त्या तपासल्या होत्या. पास एकही झाली नव्हती.

गावाने हा नाद केव्हाच सोडला होता आणि दुकानातून पुडा आणायला सुरुवात केली होती. अर्ज करत राहिली ती एकटी प्रमिला रेडीज. निवृत्त पोस्टमास्तर यशवंतराव रेडीज यांची ही बायको, वय एकोणसाठ, हात सदा मेणकट. गॅसच्या मागच्या शेगडीवर तिचं मेणाचं पातेलं कायमचं असे आणि पुढच्या शेगडीवर दोघांचा स्वयंपाक. साचे म्हणून लग्नात आहेर आलेले स्टीलचे पेले. त्यामुळे घरात पाणी प्यायला पेला मागितला की यशवंतरावांना आधी तो रिकामा आहे का, हे बघावं लागे.

प्रमिला सोळा वेळा नापास झाली होती. सोळाही शेरे तिने जपून ठेवले होते. पहिल्या वेळचा शेरा असा होता: 'वात तीनपदरी. फार बारीक. तपासनीस मेणात बुडाल्या. शिपायाने काडीच्या साह्याने वर काढले.' चौथ्या वेळचा: 'वात नऊपदरी. फार जाड. ज्योत वीतभर लांबली. तपासनिसास चक्कर आली.' मग प्रमिलाने एकेक पदर कमी-जास्त करत, सूत टाकणखाराच्या पाण्यात भिजवत, वाळवत, पुन्हा मेणात बुडवत, अकराव्या वेळी पाचपदरी वात गाठली. तेव्हापासून शेरा बदललाच नाही. 'वात योग्य. मेण योग्य. तरीही धूर. नापास.' सहा वेळा तेच, त्याच नेमक्या शब्दांत.

या नापास होण्याचा तिला राग कधी आला नाही. उलट मॅडम येणार म्हटलं की ती सकाळपासून खुशीत असे, खिडक्यांच्या फटींत कापड कोंबून वारा बंद करी, ओटा पुसून लख्ख करी. पाऊण तास मॅडम तिच्या मेणबत्तीवर जळत आणि ती समोर पाटावर बसून बघत राही. कुणीतरी आपलं काम इतकं मन लावून बघतंय, हेच तिला फार होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि तिच्या आमटीकडे कुणी पाऊण तास एकटक बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

सोळावी तपासणी मेच्या सुरुवातीला झाली. बाबाजी निघताना उंबऱ्यात घुटमळला.

"आता पुन्यांदा यायचं नाय हो वैनी," तो म्हणाला. "एकतीसला रिटायर होतात मॅडम."

"अगोबाई! मग राहणार कुठे त्या?"

"त्याचीच तर पंचाईत हाय." त्याने खिशातून घडी घातलेलं परिपत्रक काढलं. ते यशवंतरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, कारण घरातलं सरकारी वाचन त्यांच्याकडे होतं.

'सेवानिवृत्त ज्योतीस कार्यालयीन कंदील वापरता येणार नाही. तिने प्रमाणित घरगुती मेणबत्तीवर राहावे. अशी मेणबत्ती हद्दीत उपलब्ध नसल्यास सेवेच्या अखेरच्या दिवशी कार्यालय बंद होण्यापूर्वी तिला शांत करण्यात यावे.'

गावात प्रमाणित मेणबत्ती एकही नव्हती, आणि ती का नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब म्हणाले, मॅडम, एखादी पास करून टाका, तुमच्याच भल्यासाठी," बाबाजी हळूच म्हणाला. "तर ह्या काय म्हणतात..."

"बाबाजी," कंदिलातून मॅडमचा आवाज आला. बारीक पण स्पष्ट. "कार्यालयातलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. आणि धूर असताना धूर नाही असं मी लिहिणार नाही. चला."

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि त्याच पदराला लागलेलं मेण गालाला चिकटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सोळाही अर्ज जेवणाच्या टेबलावर मांडले. अर्ज यशवंतरावांनी भरलेले होते, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि पोस्टात आयुष्य गेल्यामुळे रकाने भरण्यात त्यांना मनापासून आनंद. प्रमिलाने आजवर फक्त सही केली होती. आता ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली आणि नवव्या रकान्यावर थांबली.

"अहो, हे काय? 'परीक्षकासमक्ष वात पाव इंचापर्यंत छाटली काय?' आणि तुम्ही लिहिलंय 'लागू नाही'."

"सगळे तसंच लिहितात."

"सोळा वेळा?"

"अगो, मॅडम येतात कधी? सूर्य मावळल्यावर. म्हणजे तिन्हीसांज. तिन्हीसांजेला कात्री कोण हातात घेतं?" यशवंतराव म्हणाले. "म्हणून लागू नाही."

हे बरोबरच होतं. भेंडवल्यात तिन्हीसांजेला नखं कापत नाहीत, केर काढत नाहीत, झोपलेल्याला हलवून उठवतात आणि कात्रीला तर शिवतही नाहीत. तिथला शिंपी साडेसहालाच कात्री कपाटात ठेवून कुलूप लावतो. अर्ध्यावर कापलेलं ब्लाउज तसंच अर्ध्यावर राहतं. त्यामुळे बत्तीस वर्षांत अकराशे चार अर्जांवर नवव्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं गेलं होतं. दुपारी दोन तास जळलेल्या वातीच्या टोकाला काजळीचं बोंड धरायचं, ते तसंच राहायचं, आणि त्या बोंडावर मॅडम उतरल्या की धूर व्हायचा.

प्रमिला तशीच उठून नगरपंचायतीत गेली. मॅडम टेबलावर कंदिलात बसून जुन्या फायली बघत होत्या.

"मॅडम, वात छाटायला हवी होती ना?"

"उमेदवारास मार्गदर्शन करता येत नाही."

"मार्गदर्शन नको. मी आपली सहज विचारते."

मॅडम क्षणभर उंच झाल्या, मग पुन्हा खाली आल्या. "प्रमिलाताई, तिन्हीसांजेला तुम्ही कात्री हातात धराल?"

"छे हो!"

"आणि मी धरायला सांगीन? माझा जन्म तुळशीपुढच्या पणतीतला. आम्हालाही काही रीत आहे."

"नाही सांगणार तुम्ही."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या. "हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण नियम आणि रीत दोन्ही बरोबर असल्यावर तक्रार कुणाची करायची?"

प्रमिलाला वाटलं, इतकी वर्षं हे एकटीने पोटात ठेवायचं म्हणजे कमाल झाली. ती तिथून थेट मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेली.

मुख्याधिकारी भोगले हे शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर कोणतंही संकट आलं की ते आधी त्याला आवक क्रमांक देत. प्रमिलाने सगळं सांगितलं. तपासणी सकाळी घ्या म्हणावं, तर उजेडात ज्योत नीट दिसत नाही आणि नियमात सूर्यास्त लिहिला होता. तिन्हीसांज उलटल्यावर घ्या म्हणावं, तर पंधरा मिनिटांची मुदत टळत होती. भोगल्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे सूर्यास्त जागच्या जागी राहायला हवा."

"हो."

"आणि तिन्हीसांज तेवढी सरकायला हवी."

"तेवढंच," प्रमिला म्हणाली. "पाऊण तास."

भोगल्यांनी थोडा वेळ विचार केला. "तिन्हीसांज आपल्या अखत्यारीत येते का, ते बघावं लागेल."

बघितलं. आरोग्य विभाग म्हणाला, आमच्याकडे नाही. पाणीपुरवठा म्हणाला, आमच्याकडे फक्त सकाळ आहे. शेवटी दिवाबत्ती विभागाच्या जुन्या फायलींत नोंद सापडली. पूर्वी एकदा एका पाहुण्या पुढाऱ्याच्या गाडीचं चाक घाटात पंक्चर झाल्यामुळे भेंडवल्याची तिन्हीसांज पंचवीस मिनिटं पुढे ढकलण्यात आली होती, आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. पूर्वीचं उदाहरण मिळाल्यावर भोगले एकदम मोकळे झाले. त्यांनी चहा मागवला.

हरकती मागवण्यासाठी आठ दिवसांची नोटीस लागली. हरकती दोन आल्या. मारुतीच्या देवळातल्या गुरवाने विचारलं, आरती सूर्यास्ताला की तिन्हीसांजेला? त्याला कळवण्यात आलं, तिन्हीसांजेला. एका आजोबांनी लिहिलं, रक्तदाबाची गोळी मी तिन्हीसांजेला घेतो, माझं काय? त्यांच्यासाठी परिपत्रकात एक वेगळं कलम घालण्यात आलं. म्हशींच्या वतीने कुणीच काही कळवलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि बाजारपेठेतल्या फळ्यावर खडूने लिहिला गेला: 'सर्व नागरिक, गुरेढोरे, पाखरे व डास यांना कळविण्यात येते की दि. ३१ मे रोजीची तिन्हीसांज सायं. सात वाजून दहा मिनिटांऐवजी सात वाजून पंचावन्न मिनिटांनी होईल. सूर्यास्त नेहमीच्या वेळी.'

एकतीस मेला दुपारी निरोप समारंभ झाला. मॅडमना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. शाल सुरक्षेच्या कारणास्तव सहा फुटांवरून दाखवण्यात आली. भोगल्यांनी भाषणात 'स्वतः जळून' हे शब्द चार वेळा वापरले, आणि दर वेळी बाबाजी नाक ओढून मागे बघे. समारंभ संपल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी हजेरीपुस्तकात लिहिलं, आजचं कार्यालय सात पंचावन्नला बंद होईल. त्यापुढचं काही त्यांनी लिहिलं नाही. फक्त कपाटातून कंदील विझवायची पितळी टोपी काढून बाबाजीच्या हातात दिली आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं.

सात वाजून दहा मिनिटांनी सूर्य मावळला. त्याच्याबद्दल काही वाद नव्हता. पण त्यानंतर जे व्हायचं ते झालं नाही. अंधार डोंगराच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. उजेड होता, पण तो कुठून येतोय हे सांगता येत नव्हतं. चरून परतलेली गुरं वेशीबाहेर ओळीने थांबली. गटारावर डासांचा थवा एका जागी तरंगत राहिला. वटवाघळं उलटी टांगलेलीच डोळे उघडून बघत होती.

आणि भेंडवल्याच्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा असा पाऊण तास मिळाला की ज्याला काही कामच नेमून दिलेलं नव्हतं. दिवसाची कामं संपली होती आणि संध्याकाळची सुरू झाली नव्हती. दिवे लावायचे नव्हते, भात टाकायचा नव्हता, पोरांना घरात बोलवायचं नव्हतं. लोक रस्त्यावर आले. आधी जरा संकोचल्यासारखे उभे राहिले आणि मग हसायला लागले. शिंप्याने कुलूप उघडून कात्री बाहेर काढली आणि ते अर्ध्यावर राहिलेलं ब्लाउज पुरं केलं. गोळीवाले आजोबा गोळी हातात धरून बाकावर बसले आणि शेजारच्यांशी दहा वर्षांचं भांडण मिटवून टाकलं, कारण तेवढाच वेळ होता. दोन बायकांनी भर बाजारात फुगडी घातली. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत.

रेडीजांच्या स्वयंपाकघरात मात्र प्रत्येकाला काम होतं. ओट्यावर सतरावी मेणबत्ती उभी होती. जाडी तीन बोटं, वात पाचपदरी, आणि टोकावर दुपारच्या जळण्याचं काळं बोंड. शेजारी कात्री. प्रमिला पाटावर, यशवंतराव अर्ज घेऊन खुर्चीवर, भोगले दारात, बाबाजी कंदील धरून. पितळी टोपी त्याने पाठीमागे लपवली होती, पण ती सगळ्यांना दिसत होती.

"रकाना नऊ," मॅडम म्हणाल्या.

प्रमिलाने कात्री उचलली. ठराव मंजूर होता, शिक्का मारलेला होता, तरी तिचा हात वातीकडे जाईना. एकोणसाठ वर्षांत ज्या वेळेला कात्रीकडे नजरही टाकली नव्हती ती वेळ आज नव्हती, हे मनाला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

"अहो, तिन्हीसांज नाही ना आत्ता?"

"नाही," यशवंतराव म्हणाले. "सही आहे साहेबांची."

"नाही," भोगले म्हणाले. "नगरपंचायत पूर्ण जबाबदारी घेते."

"मॅडम?"

मॅडमनी कंदिलात पाठ फिरवली. ज्योतीला पाठ असते हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. "समक्ष आहे मी, पण बघत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही छाटा."

प्रमिलाने डोळे मिटले नाहीत. डोळे मिटले तर पाव इंच चुकलं असतं. तिने कात्रीची पाती वातीला लावली आणि कच्चकन काळं बोंड छाटून टाकलं. ते ओट्यावर पडलं. सगळ्यांनी थोडा वेळ वाट बघितली. काहीही वाईट झालं नाही. वेशीबाहेर एक म्हैस ओरडली, पण ती रोजच ओरडते.

"छाटली," यशवंतरावांनी नवव्या रकान्यात लिहिलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा रकान्याबाहेर जाऊन त्याखाली दोन रेघा मारल्या.

बाबाजीने कंदिलाची काच उचलली आणि मॅडम वातीवर उतरल्या. सगळ्यांच्या आधी फरक मॅडमनाच कळला. बत्तीस वर्षं त्या काजळीच्या बोंडावर बसत आल्या होत्या. स्वच्छ वातीवर उतरायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्या अंगठ्याएवढ्या उंच झाल्या आणि तिथेच स्थिर राहिल्या.

"कसं वाटतंय?" प्रमिलाने विचारलं.

"तपासणी चालू आहे," मॅडम म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

पंधरा मिनिटं झाली. मेण कडेपर्यंत नितळ झालं आणि ओघळलं नाही. अर्धा तास झाला. भोगल्यांनी पांढरी बशी मेणबत्तीवर धरली होती. त्यांचा हात भरून आला तरी त्यांनी तो बदलला नाही. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी बशी उलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला. बशीच्या कडेला एक काळा ठिपका होता.

बाबाजीच्या हातातली टोपी खाली पडली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. प्रमिला त्या ठिपक्याकडे बघत राहिली. तिला नापास झाल्याचं दुःख नव्हतं. सतराव्या वेळी ते कसलं होणार? तिला वाटलं, या बाईला आता आपल्यासमोर शांत करणार, आणि आपण पाटावर बसून बघणार.

"लिहा, पोस्टमास्तर," मॅडम म्हणाल्या. त्या जराही हलल्या नाहीत. "बशीवर काजळी. नापास."

"मॅडम, एक ठिपका तर आहे," भोगले म्हणाले.

"एक असला तरी काजळीच. लिहा."

यशवंतरावांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शिक्का आणि डाग यांतला फरक कळतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बशी नाकाजवळ नेली.

"याला पाय आहेत," ते म्हणाले.

सगळे वाकले. ठिपक्याला सहा पाय होते आणि एक पंख. तो डास होता. गटारावर त्याचे सगळे भाऊबंद आदेश पाळून तरंगत उभे असताना हा एकटा मुदतीच्या पाच मिनिटं आधी, कुणाची परवानगी न घेता, बशीवर येऊन बसला होता आणि भोगल्यांच्या अंगठ्याखाली चिरडला होता.

"हा परिपत्रकाचा भंग आहे," भोगले म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद कुणी कधी ऐकला नव्हता. "याची नोंद घ्या. काजळीत नव्हे, डासांत."

बाबाजीने बशी न पुसता नखाने तेवढा डास उडवला. ती पांढरी शुभ्र निघाली. त्याने ती मॅडमसमोर धरली. मॅडमनी ती बघितली, पुन्हा फिरवायला सांगितली, पुन्हा बघितली. मग पंचेचाळीस मिनिटं पुरी होईपर्यंत त्या तशाच जळत राहिल्या, कारण अजून चार मिनिटं बाकी होती.

"लिहा," सात वाजून पंचावन्न मिनिटांनी त्या म्हणाल्या. "वात योग्य. मेण योग्य. धूर नाही." इथे त्या थोड्या अडखळल्या. "उत्तीर्ण."

प्रमिलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. यशवंतरावांनी तिच्या पाठीवर थोपटलं. भोगल्यांनी तिथेच, ओट्यावर कागद ठेवून, प्रमाणपत्रावर सही केली. मग त्यांनी घड्याळात बघितलं आणि फोन काढून दिवाबत्ती विभागाला कळवलं, "होऊ द्या."

तिन्हीसांज झाली. पाऊण तास थोपवलेला अंधार डोंगरावरून धावतच आला. गुरं एकदम वेशीतून आत घुसली, वटवाघळं उडाली, देवळात घंटा वाजली, आजोबांनी गोळी गिळली आणि घराघरांतून पोरांना हाका सुरू झाल्या. पाठोपाठ नेहमीप्रमाणे वीज गेली. भोगले अंधारात चाचपडत आपली चप्पल शोधून घरी गेले. बाबाजी रिकामा कंदील हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. "येतो मी मॅडम," तो शेवटी म्हणाला. "आता रोज संध्याकाळी येऊन बशीन. ड्यूटी नाय, असाच." मग त्याने रस्त्यावर जाऊन, दहा पावलं लांब न जाता, जागच्या जागी मनसोक्त शिंक दिली.

रेडीजांच्या घरात ओट्यावरची मेणबत्ती उचलून जेवणाच्या टेबलावर आली. पेल्यांत अजून पाच मेणबत्त्या थंड होत होत्या, त्याच वातीच्या, त्याच मेणाच्या, त्याच प्रमाणपत्रात बसणाऱ्या. म्हणजे राहण्याची चिंता मिटली होती. मॅडमना आता काही तपासायचं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच वातीवरून नजर काढली आणि आजूबाजूला बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, ताटात भात होता, प्रमिलाच्या गालावर मेणाचा एक ठिपका होता, आणि यशवंतराव सकाळचं राहिलेलं वर्तमानपत्र त्यांच्याजवळ आणून उघडत होते.

"हे सगळं माझ्यामुळे दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"मग कुणामुळे?" प्रमिला म्हणाली. "वीज तर गेलीय."

मॅडमनी पुन्हा एकदा कॅलेंडरपासून ताटापर्यंत सगळं बघितलं.

"तुम्ही वाचणार आहात?" त्यांनी यशवंतरावांना विचारलं.

"हो. चालेल ना?"

"चालेल. पण मोठ्याने वाचा. आणि काही गाळू नका."

यशवंतरावांनी घसा साफ केला, पान मेणबत्तीजवळ धरलं, आणि वर्तमानपत्राच्या नावापासून, तारखेपासून, वाचायला सुरुवात केली.